मालगुंडचं घर

स्मरणिकेत छापतात तो इतिहास आपल्याच संस्थेचा असतो. स्थापना कधी झाली, पहिले अध्यक्ष कोण, वास्तुनिधीला कुणी किती दिले, कुठल्या गणेशोत्सवात कुठलं नाटक बसवलं आणि ऐन वेळी नायिका कशी आजारी पडली. चिकपेटेतल्या आमच्या टोळक्याला मंडळ म्हणणंही जास्तच होईल. नोंदणी नाही, वास्तू नाही, निधी तर नाहीच. रविवारी दुकानावरच्या माडीत जमायचं, एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. हा इतिहास तीन ओळींत संपला. म्हणून संपादकांनी सुचवलं की गेल्या हिवाळ्यात आपण जी संस्था पाहून आलो, तिचा इतिहास तू लिही. ती संस्था म्हणजे मालगुंडचं केशवसुत स्मारक. आमच्यातले थोरले आण्णा, त्यांनी वर पुरवणी जोडली, "आणि तो तुझा समुद्राकडचा बुरूजबी घाल त्यात. एवढं तिकीट काढून गेलतास न्हवं?"

तेव्हा दोन्ही आलं आहे. मालगुंड जास्त, बुरूज कमी.

आधी आम्ही कोण ते सांगायला हवं. (हाच प्रश्न केशवसुतांनी एका कवितेचा मथळा केला होता, पण त्यांचं उत्तर कवींपुरतं होतं, सोनं गाळणाऱ्यांचा त्यात समावेश नाही.) चिक्कपेटे म्हणजे कानडीत धाकटी पेठ. थोरली ती दोड्डपेटे, म्हणजे आजचा अव्हेन्यू रोड. केंपेगौडांनी १५३७ साली गाव वसवलं, त्यातल्या या जुन्या पेठा. आमची घरं मूळची सांगली जिल्ह्यातली, खानापूर-आटपाडीकडची. तिकडे पाऊस कधी वेळेवर येत नाही, आला तर पुरत नाही. त्यामुळे दोन-तीन पिढ्यांपूर्वी माणसं बाहेर पडली आणि गलाईच्या धंद्यात शिरली. देशातल्या बहुतेक मोठ्या सराफी पेठांत मूस, भट्टी आणि तेजाबाची बरणी घेऊन बसलेला विट्याकडचा एखादा तरी माणूस सापडेल. चिकपेटेत आणि शेजारच्या नगरतपेटेत तर गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. आमच्या धंद्यात दुकानाचा केरही फेकत नाहीत. झाडून, साठवून, धुऊन बघतात. त्यात कण असतात.

आता या पेठेला मराठी काही नवं नाही. १६३८ साली विजापूरकरांच्या रणदुल्लाखानाने बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आलं. शहाजीराजांचा गौरीमहाल चिकपेटेतच होता, असं जुनी माणसं सांगतात. त्यांच्या इथल्या दरबारात जयराम पिंड्ये नावाचा कवी आला, आणि त्याने राधामाधवविलासचंपू हे काव्य रचलं. वि. का. राजवाड्यांनी ते शोधून, भली थोरली प्रस्तावना जोडून १९२२ साली छापलं. त्यात या दरबारात जमलेले नाना भाषांचे कवी भेटतात. संस्कृत आहे, मराठी आहे, कानडी आहे, हिंदुस्थानी आहे. राजाने समस्या घालणं आणि ती कवीने पुरी करणं हा तिथला खेळ. पुढे जहागीर व्यंकोजीराजांकडे गेली. १६८७ साली मुघलांच्या कासीमखानाने गाव घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाख रुपयांना देऊन टाकलं.

इतक्या भाषांचे कवी एका छपराखाली बसले होते, त्या छपराचं एक कौल दाखवा म्हटलं तर दाखवता येत नाही. मी ज्या गल्लीत राहतो तिथे कुठे ओसरी होती, कुठे समस्या घातली गेली, काही कळायला मार्ग नाही. वर साड्यांची दुकानं आहेत आणि खालून २०१७ पासून मेट्रो जाते. ही तक्रार नाही. पेठ आहे, पेठेला हललंच पाहिजे. पण मालगुंडच्या घराचा इतिहास मी लिहितो आहे तो या पेठेत बसून, हे वाचकाने ध्यानात ठेवावं. मत्सराचा अंश कुठे दिसला तर तो तिथला.

बंगळूरहून कोकणात उतरायचं तर गाडी तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगिरी करत हुबळीला येते. पुढे धारवाड, बेळगाव, कोल्हापूर. मग मलकापूरवरून आंबा घाट. प्रवास ठरवताना हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. हुबळी मागे पडल्यावर आमच्यातल्या एका मास्तरांनी सांगितलं की आपण केशवसुतांचं आयुष्य उलटं चाललो आहोत. कृष्णाजी केशव दामले हुबळीत वारले, धारवाडात त्यांनी शेवटची नोकरी केली, आणि जन्मले मालगुंडला. आपण मरणाकडून जन्माकडे निघालो आहोत.

गाडीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग ज्याला जे आठवत होतं ते प्रत्येकाने सांगितलं. त्यातून जी गोष्ट जुळली ती अशी. जन्म १८६६ चा. तारखेबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. ७ ऑक्टोबर ही रूढ. वडील केसोपंत मालगुंडला मराठी शाळेत मास्तर. पोराचं शिक्षण ठिगळं लावलेलं: कोकणात सुरुवात, मग बडोदा, मग नागपूर, मग पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल. मॅट्रिक व्हायला १८८९ साल उजाडलं, म्हणजे वय तेवीस. पुढे मुंबईत मिळतील त्या नोकऱ्या. मुंबईत प्लेग शिरला तेव्हा खानदेशात गेले. भडगाव, मग फैजपूर. १९०४ साली धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक झाले. पुढच्या वर्षी हुबळीला नातलगांकडे गेले असता प्लेगने गाठलं. ७ नोव्हेंबर १९०५. वय एकोणचाळीस. आठवडाभरात पत्नीही गेल्या. ज्या रोगापायी मुंबई सोडली, त्याने दख्खन ओलांडून इथवर पाठलाग केला.

प्लेग म्हटलं की आमच्या पेठेतल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. १८९८ च्या ऑगस्टमध्ये तो रेल्वेच्या वाटेने बंगळुरात आला आणि दाटीवाटीच्या या पेठांनाच पहिल्यांदा भिडला. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या ऐसपैस वस्त्या वाढल्या त्या त्याच धसक्यातून. आण्णा म्हणाले, "म्हंजे आपल्याकडनं तिकडं गेला म्हणा की." उलट, तिकडून आपल्याकडे आला, असं मास्तरांनी दुरुस्त केलं.

धारवाडचं आणखी एक. केशवसुत तिथे मराठी शिकवत होते तेव्हा त्याच गावात आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा होता. घरात मराठी, गावात कानडी. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे. पुढे कानडीतला मोठा कवी झाला आणि १९७३ सालच्या ज्ञानपीठाचा मानकरी ठरला. दोघांची गाठ पडली असं मी म्हणत नाही. पण एका भाषेत नवं युग सुरू करून थकलेला मास्तर आणि दुसऱ्या भाषेत ते पुढे गाजवणारं पोर एकाच पावसात भिजले असतील, एवढं म्हणायला हरकत नाही. बंगळूरच्या मराठी माणसाला असल्या गोष्टींचा आनंद जरा जास्तच होतो.

आता संस्थेकडे यायला हवं.

१९९० साली रत्नागिरीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष मधु मंगेश कर्णिक. कर्णिक मूळचे कणकवलीजवळच्या करूळचे. माहीमची खाडी ही त्यांची कादंबरी वाचकांना ठाऊक असेल. लेखक म्हणून नाव व्हायच्या दिवसांत त्यांनी एस. टी.त नोकरी केली होती. माझा आपला एक समज आहे की गावं एकमेकांना कशी जोडायची हे ज्ञान त्यांनी तिथूनच आणलं. संमेलन संपलं की मांडव उतरतो, खुर्च्या परत जातात आणि पुढच्या वर्षीच्या अध्यक्षपदाच्या चर्चा सुरू होतात, ही आपली रीत. इथे तसं झालं नाही. संमेलनाच्या पाठोपाठ १९९१ साली कर्णिकांनी कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन केली. लोक तिला कोमसाप म्हणतात. कोकण म्हणजे इथे सिंधुदुर्गापासून ठाणे-मुंबईपर्यंतची सगळी किनारपट्टी. तालुक्या-तालुक्यांत शाखा, वेगवेगळ्या गावी संमेलनं, आणि झपूर्झा नावाचं नियतकालिक. हे नाव केशवसुतांच्या कवितेचं. मुली फुगड्या-झिम्मा खेळताना जा पोरी जा असं भरभर म्हणतात, त्याचं झपूर्झा झालं, अशी त्या शब्दाची उकल आहे. परिषदेच्या मुखपत्राला सहज अर्थ न लागणाऱ्या शब्दाचं नाव देणं, हे मला धाडसाचं वाटतं. आमच्याकडे कुणी दिलं असतं तर तीन बैठका झाल्या असत्या.

नव्या परिषदेने हाती घेतलेलं पहिलं मोठं काम म्हणजे मालगुंडचं घर. केशवसुत जन्मले ते घर उभं करायचं आणि त्याच्या आवारात कवितेसाठी जागा करायची. तीन वर्षांत ते झालं. ८ मे १९९४ रोजी कुसुमाग्रजांच्या हातून स्मारकाचं उद्घाटन झालं. कुसुमाग्रज तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. नाशिक सोडून फारसं कुठे न जाणारा हा माणूस भर मे महिन्यात कोकणात उतरला. मालगुंड ही मराठी कवितेची राजधानी, हा शब्द त्यांच्या तोंडचा म्हणून तिथे आजही सांगतात.

या उद्घाटनात मला एक गंमत दिसते. केशवसुत म्हणजे केशवाचा मुलगा. कुसुमाग्रज म्हणजे कुसुम नावाच्या बहिणीचा थोरला भाऊ. मध्ये गडकऱ्यांनी गोविंदाग्रज म्हणवून घेतलं. धाकट्या गोविंदाचा भाऊ. आणखी एक माधवानुज होते. मराठी कवीला स्वतःचं नाव छापायचा संकोच असावा, आणि घरातल्या कुणाचं तरी बोट धरून तो बाहेर येत असावा. स्वतःचं नाव मागे ठेवून बापाचं नाव पुढे करणाऱ्या मुलाच्या घराचं दार बहिणीचं नाव लावणाऱ्या भावाने उघडलं. स्मारकाला याहून योग्य पाहुणा सापडला नसता.

केशवसुतांच्या हयातीत त्यांचं पुस्तक निघालं नाही. कविता निघत त्या काव्यरत्नावलीसारख्या मासिकांतून. मृत्यूनंतर दहा-बारा वर्षांनी हरि नारायण आपट्यांनी त्या गोळा करून संग्रह काढला. सगळ्या मिळून दीडशेच्या आतच भरतात. आमच्या धंद्यातलं बोलायचं तर माल थोडा, पण कस मोठा. १८९२ साली मयूरासन आणि ताजमहाल लिहून त्यांनी चौदा ओळींचा बंध मराठीत आणला. त्यांनी त्याला चतुर्दशक म्हटलं, सुनीत हे नाव नंतरच्या लोकांनी रुळवलं. पुढच्याच वर्षी तुतारी. घरातही लिहिणारी माणसं होती. भाऊ मोरो केशव दामले यांचं शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ साली आलं. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला आजही ते टाळता येत नाही. एक भाऊ भाषेचे नियम नोंदवतो, एक ते वाकवतो. केसोपंत मास्तरांच्या ओसरीवर काय वाद झाले असतील!

आम्ही रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने गेलो. डाव्या हाताला समुद्र सोबतीला असतो, मध्येच सुरूचं बन, मध्येच खाडीवरचा पूल. गणपतीपुळ्याला दर्शनाची रांग होती. मालगुंड तिथून अगदी जवळ, त्याच किनाऱ्यावर पुढे. पुळ्याला येणाऱ्यांतले थोडेच पुढे येतात. जे येतात त्यांतले बरेच जयगडचा किल्ला बघायला निघालेले असतात. आमच्या ड्रायव्हरलाही देवळाची पार्किंग पाठ होती, स्मारकाचा फाटा विचारावा लागला.

घर कोकणातलं असतं तसं. उतरतं कौलारू छप्पर, पुढे पडवी, सारवलेली जमीन. दारात वाकावं लागतं. आत त्या काळच्या घरात असायच्या तशा वस्तू मांडलेल्या आहेत. मला बरं वाटलं ते हे की घराला राजवाड्याचं रूप दिलेलं नाही. गरीब मास्तराचं घर गरीब मास्तराचंच राहिलं आहे. आमच्याबरोबरच्या वहिनींनी जमिनीवर हात ठेवून पाहिला आणि म्हणाल्या, "शेण ताजं आहे हो." म्हणजे कुणीतरी नेमाने सारवतं. संग्रहालयाचा इतिहास लिहिणारे उद्घाटनाची तारीख लिहितात, पाहुण्यांची नावं लिहितात. सारवण्याची तारीख कुणी लिहीत नाही. आणि दर पावसाळ्याआधी कौलं चाळणं, नंतर ओल धरलेली भिंत लिंपणं, वाळवी बघणं यावरच असलं घर उभं राहतं. समुद्राकाठी तर लोखंडही गंजतं, मातीची काय कथा.

आवारात त्यांच्या कविता दगडांवर कोरून लावल्या आहेत. इथे माझं थोडं वेगळं मत आहे. मूर्तिभंजन असं नाव कवितेला देणाऱ्या माणसाचे शब्द दगडात कोरायचे, यातली विसंगती करणाऱ्यांना सुचली नसेल असं नाही. केशवसुतांना कदाचित हसू आलं असतं. पण एक दृश्य पाहिलं आणि माझं मत जरा सैल झालं. सहलीला आलेल्या शाळेतली एक मुलगी कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत, ओठ हलवत वाचत होती. जोडाक्षर आलं की बोट थांबायचं, पुन्हा मागे जायचं. पुस्तकातली ओळ अशी बोटाने वाचता येत नाही.

दुसऱ्या दालनात केशवसुतांनंतरच्या मराठी कवींची चित्रं आणि कविता आहेत. आमच्यातल्या प्रत्येकाने आपापला कवी शोधला. ज्याचा सापडला तो खूश, ज्याचा सापडला नाही त्याने दालनाच्या निवडीवर टीका केली. असली दालनं त्यासाठीच असतात. ग्रंथालयही आहे. आण्णा, ज्यांनी आयुष्यभर सोन्याचा भाव सोडून दुसरं काही वाचलं नाही असं त्यांचं घर म्हणतं, ते भिंतीपुढे हात मागे बांधून पाऊण तास उभे होते. दुपारी वारं फिरलं तसा समुद्राचा आवाज आवारापर्यंत आला. केशवसुतांनी नैर्ऋत्येकडच्या वाऱ्यांना उद्देशून एक कविता लिहिली आहे, गावापासून लांब असताना. मास्तरांनी ती तिथे पडवीत वाचली. आम्ही सगळे गाव सोडून आलेल्यांच्या घरातले. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

आता बुरूज. तोही एका लेखकाचं स्मारकच.

भाचा डब्लिनला नोकरीला आहे, त्याच्यामुळे मी तो पाहिला. शहराच्या दक्षिणेला सँडीकोव्ह म्हणून ठिकाण आहे. लोकलने जायचं आणि स्टेशनावरून समुद्राच्या कडेने चालायचं. टोकाला दगडी बुरूज. आपल्या जलदुर्गांची सवय असलेल्याला तो ठेंगणा वाटतो, पण भिंती आठ फूट जाड. नेपोलियन येईल या भीतीने इंग्रजांनी १८०४ साली असे बुरूज किनाऱ्याने रांगेत बांधले. त्यांना मार्टेलो म्हणतात. कॉर्सिका बेटावरच्या मॉर्टेल्ला टोकाशी असाच एक गोल बुरूज होता. १७९४ साली त्याने दोन इंग्रजी लढाऊ जहाजांना दाद दिली नाही, तेव्हा इंग्रजांनी त्याचीच नक्कल केली. नाव मात्र उच्चारात चुकलं. दार जमिनीपासून दहा फूट उंच, शिडी लावून चढायचं. माथ्यावर तोफ फिरवायला गोल रूळ आहे. नेपोलियन आलाच नाही. शंभर वर्षांनी लष्कराने बुरूज भाड्याने द्यायला काढला, तेव्हा ऑलिव्हर गोगार्टी नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने वर्षाला आठ पौंडांनी तो घेतला.

तिथे १९०४ च्या सप्टेंबरात जेम्स जॉइस राहायला आला. बावीस वर्षांचा, पैशाची चणचण, त्या वर्षी काही काळ शाळेत मास्तरकी केलेला. तो राहिला फक्त सहा रात्री. तिसरा एक पाहुणा होता, त्याला झोपेत काळा चित्ता दिसला आणि त्याने पिस्तूल झाडलं. मग गोगार्टीनेही गंमत म्हणून जॉइसच्या डोक्यावर टांगलेल्या भांड्यांवर गोळ्या घातल्या. जॉइस उठला, कपडे चढवले आणि मध्यरात्री चालत निघून गेला. महिन्याभरात त्याने देशही सोडला. पुढे त्याची युलिसिस ही कादंबरी १९२२ साली पॅरिसमध्ये निघाली, ती सुरू होते याच बुरुजाच्या माथ्यावर. आमचा जयराम पिंड्ये छापून आला तेही साल १९२२. दोन पुस्तकांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण मला ते विसरता येत नाही. १९०४ चंही तसंच: जॉइस बुरूज सोडून निघाला त्या साली केशवसुत धारवाडात मुलांची हजेरी घेत होते.

बुरुजाचं संग्रहालय व्हायची गोष्ट मालगुंडपेक्षा फार वेगळी नाही. शेजारी राहणाऱ्या मायकेल स्कॉट या वास्तुरचनाकाराने १९५४ साली बुरूज विकत घेतला. त्याच साली काही लेखकांनी १६ जूनचा, म्हणजे कादंबरी ज्या एका दिवसात घडते त्या तारखेचा, पहिला उत्सव केला. निघाले याच परिसरातून, घोडागाडीत बसून. पूर्ण कादंबरीच्या वाटेने फिरायचं ठरलं होतं, पण वाटेत मद्यालयं आली. १९६२ च्या १६ जूनला संग्रहालय उघडलं. उघडायला आली सिल्व्हिया बीच, जिने चाळीस वर्षांपूर्वी ते पुस्तक छापायची हिंमत केली होती. आत जॉइसचा मृत्यूनंतर घेतलेला चेहऱ्याचा साचा आहे, त्याची गिटार आहे, आजीने भरतकाम केलेली बंडी आहे, काठी आहे, प्रवासाची पेटी आहे. मधल्या मजल्यावर गोल खोली जशी होती तशी मांडली आहे, चित्त्यासकट. २०१२ च्या सुमाराला पैशाअभावी बुरूज बंद व्हायची वेळ आली, तेव्हा गावातल्या लोकांनी पुढे होऊन आळीपाळीने दार उघडायचं काम घेतलं. मी गेलो तेव्हा एका निवृत्त बाईंनी मला माहिती सांगितली. त्या पगारी नव्हत्या. प्रवेशही फुकट. खाली फोर्टी फूट नावाच्या डोहात म्हातारी माणसं गारठ्यात उड्या मारत होती. त्यांच्यातलाच एक नंतर ओल्या केसांनी वर येऊन पुस्तकांच्या कपाटाची किल्ली मागू लागला. तोही स्वयंसेवक निघाला.

सहा रात्रींच्या मुक्कामावर त्यांनी एवढं उभं केलं, याचं मला तिथे हसू आलं होतं. मालगुंडला गेल्यावर ते मागे घेतलं. मालगुंडही केशवसुतांनी लहानपणीच सोडलं. घर पुढे दापोलीकडे गेलं. कविता लिहिल्या त्या दुसरीकडे, भाड्याच्या खोल्यांत, मुंबईत, खानदेशात. त्या खोल्या शोधत बसलं तर काय हाताला लागेल? फैजपूरची खोली कुणाची, धारवाडची कुणाची? एक जन्मघर सापडलं आणि ते धरून ठेवलं. डब्लिनकरांनी जॉइसच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांत दार उघडलं. आपल्याला एकोणनव्वद लागली. उशीर झाला खरा. पण गौरीमहालाच्या हिशेबात मी तो उशीर मानत नाही.

परतताना मालगुंडच्या ग्रंथविक्रीच्या टेबलावरून प्रत्येकाने काहीतरी घेतलं. आण्णांनी केशवसुतांच्या कवितांची एक प्रत घेतली आणि गाडीत बसल्या बसल्या तिला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. घाट चढून कोल्हापूर, बेळगाव झालं. धारवाड अंधारात गेलं. हुबळीला पहाटे ड्रायव्हरने चहासाठी गाडी थांबवली. आण्णा खाली उतरले, शाल सारखी केली आणि चहावाल्याला विचारू लागले की पूर्वी इथे प्लेगात दामले म्हणून एक गृहस्थ वारले, ते घर कुठे होतं. आण्णांचं कानडी चिकपेटेतलं, त्याचं हुबळीचं. त्याने बोलणं अर्धं ऐकून चहा ओतता ओतता विचारलं, "यार री?" म्हणजे, कोण हो?

आण्णांनी क्षणभर विचार केला. कवी म्हणावं की काय, ते त्यांना ठरवता येईना असं वाटलं. मग म्हणाले, "ओब्बरु मास्तरु."

एक मास्तर होते. चहावाल्याने मान हलवली आणि पेला पुढे केला.